ऑफिसात सतत दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या सहकाऱ्याची फजिती झालेली तुम्ही कधी पाहिली आहे का?

पाहिली आहे, आणि खरं सांगायचं तर थोडीफार मीच होऊ दिली.

तालुक्याच्या गावातलं निमसरकारी ऑफिस, नाव सांगत नाही. मी तेव्हा नवीनच लागलेली, कनिष्ठ लिपिक, मराठी टायपिंग तीसचं पास झालं म्हणजे आपल्याला मराठी येतं अशा भ्रमात. आमच्याकडे एक सिनियर होते, त्यांना नाना म्हणू. आवक-जावक त्यांच्याकडे आणि साहेबांकडे जाणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावरून जायचा. खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेनाला तसं ऑफिसात काही काम नव्हतं पण संपायचं मात्र तेच आधी.

पहिल्याच आठवड्यात मी टिपणीत 'महत्व' लिहिलं. नानांनी त्याला गोल केला आणि कागद गुपचूप परत द्यायचा तर उभं राहून मोठ्यानं, "मॅडम, बी.कॉम. झालात ना? महत् अधिक त्व, किती त झाले?" समोर बिलासाठी आलेले दोन ठेकेदार बसलेले, ते पण बोटं मोजायला लागले. मग रोजचंच झालं ते, तज्ञ नाही तज्ज्ञ, उज्वल नाही उज्ज्वल, पारंपारिक नाही पारंपरिक, मस्टरवर सही चौकटीच्या बाहेर गेली, पंच तिरका मारला, टाचणी डावीकडे का लावली नाही. कहर म्हणजे आमच्या एकाचे सासरे वारले तेव्हा ग्रुपवर कोणीतरी 'भावपूर्ण श्रद्धाजंली' असं टाकलं, अनुस्वार एक घर पुढे गेलेला, तर त्याच्याखाली नानांचा मेसेज, फक्त एक शब्द, 'श्रद्धांजली'. ज्याचे सासरे गेले तो बिचारा त्याला पण हात जोडलेला इमोजी देऊन मोकळा झाला.

आता एक मान्य करते, माणूस दहातल्या नऊ वेळा बरोबर असायचा. आज मी महत्त्व नीट लिहिते ते त्यांच्यामुळेच. पण बरोबर असणं वेगळं आणि चारचौघात पाणउतारा करणं वेगळं, तुम्ही असा माणूस भोगला असेल तर मी काय म्हणते ते कळेल.

तर 2019 चा फेब्रुवारी. 27 तारखेला कुसुमाग्रजांची जयंती, त्यानिमित्त कार्यक्रम घ्या म्हणून वरून परिपत्रक आलेलं. मराठीचा विषय म्हटल्यावर सगळं नानांकडे, दुसरं कोण घेणार, घेतलं असतं तरी लाल पेन होतंच. फ्लेक्सवाल्या पोराला तीनदा प्रूफ बदलायला लावलं. त्यानं 'कवीवर्य' केलं होतं तर नानांनी त्याला दुकानात उभ्या उभ्या नियम शिकवला, नुसता कवी दीर्घ पण समासात ऱ्हस्व म्हणून कविवर्य. तो पोरगा मला नंतर म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी बारशाचाच फ्लेक्स आणा."

26 ला संध्याकाळी फ्लेक्स आला. शिपाई मामांनी आणि मी तो हॉलमध्ये बांधला. चार बाय आठचा, अक्षरं ठसठशीत, ऱ्हस्व-दीर्घ सगळं चोख. आणि मधोमध: मराठी राजभाषा दिन.

मी वाचलं आणि पोटात धस्स झालं. स्पर्धा परीक्षा देत होते ना तेव्हा, त्यामुळे हे पाठ होतं. 27 फेब्रुवारी म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, राजभाषा दिन 1 मेला असतो. दोन वेगळे दिवस आहेत, एक कुसुमाग्रजांमुळे आणि दुसरा राज्याच्या कारभाराची भाषा मराठी म्हणून, ज्याचा 1964 चा अधिनियम आहे. (आता तर अभिजात दर्जामुळे 3 ऑक्टोबरची पण भर पडली आहे, गोंधळ वाढणारच.) निम्मा महाराष्ट्र 27 ला राजभाषा दिनाच्या शुभेच्छा पाठवतो, तशी चूक मोठी नाही. पण नानांची होती ना ती! फोन हातात होता, एक कॉल केला असता तर रात्रीत बदलून झालं असतं. नाही केला. मामांना म्हटलं सुतळी घट्ट बांधा, आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्या म्हणून गावातल्या हायस्कूलच्या रिटायर्ड मराठीच्या बाई. हार झाला, दीप झाला, नानांनी प्रास्ताविकात आपण सगळे भाषेबद्दल किती निष्काळजी आहोत यावर दहा मिनिटं घेतली आणि दोनदा माझ्याकडे पाहिलं. मग बाई उठल्या, मागे वळून फ्लेक्स वाचला आणि अगदी हळू म्हणाल्या, "आज गौरव दिन आहे बरं का, राजभाषा दिन नव्हे."

इथे गप्प बसले असते तरी निभावलं असतं, हसून सोडून दिलं असतं सगळ्यांनी. पण नाना कसले ऐकतात. "बाई, शासनाचंच तसं परिपत्रक आहे, दाखवतो ना." आणि स्वतः, स्वतःच्या पायांनी जाऊन फाइल घेऊन आले आणि साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी चष्मा लावला. "विषय, मराठी भाषा गौरव दिन साजरा करणेबाबत." मग पुढे वाचायचे थांबले आणि कागद जरा लांब धरून म्हणाले, "नाना, हे लाल शेरे कोणाचे?"

अहो, त्या परिपत्रकावरच लाल पेन चाललेलं! 'आयोजीत' चं 'आयोजित' केलेलं, 'नाविन्यपूर्ण' चा वि दीर्घ केलेला, एका स्वल्पविरामाला गोल, आणि वर आवकच्या शिक्क्यात नानांची झोकदार सही. म्हणजे कागद अक्षर न् अक्षर तपासला होता. विषय काय आहे तेवढं वाचायचं राहिलं.

आधी मामा हसले, मग मागच्या रांगेतून कोणीतरी, मग कोणी कोणाचं ऐकेना. साहेब पण हसत होते, म्हणाले, "असू द्या, फ्लेक्स जपून ठेवा, 1 मेला कामाला येईल." बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पुढे अर्धा तास सुंदर भाषण केलं पण मला त्यातलं काही आठवत नाही, मी नानांच्या कानांकडे बघत होते, लाल झाले होते. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. घरी जाताना मात्र सुतळी बांधलेली आठवली आणि जरा कसंतरीच झालं.

मार्चएंडच्या गडबडीत सगळे विसरले. एवढं झालं की माझ्या टिपण्यांवरच्या खुणा पेन्सिलीच्या झाल्या आणि कागद हातात यायला लागला, न बोलता. ग्रुपवर पण कोणी काही टाकलं तरी शांतता.

1 मेला झेंडावंदनाला सगळे सकाळी हजर. मामांनी, मुद्दाम की खरंच भोळेपणानं देव जाणे, स्टोअरमधून ती गुंडाळी काढली आणि थेट नानांपुढे उलगडली, "नाना, साहेब म्हणाले होते, लावू का?"

नानांनी वरपासून खालपर्यंत नीट वाचलं, यावेळी अगदी सावकाश. मग म्हणाले, "मामा, तारीख चुकलीय त्यावर."