सोडू का ते नंतर, आधी पाच मिनिटं

अगं केवढा मोठा मेसेज लिहिलायस, आणि शेवटी प्रश्न एकच, "ताई, डॉक्टरकी सोडून कॉमेडी आणि अ‍ॅक्टिंग करू का?" एमबीबीएसची इंटर्नशिप संपलीये, सरकारी सेवेच्या बॉन्डची ऑर्डर अजून यायचीये, तोवर नाशकात घरी राहून हॉस्पिटलमधे नाईटला आरएमओ, म्हणजे ड्युटी डॉक्टर, म्हणून काम करतेस आणि कॉलेज रोडला एकदोन ओपन माईक, म्हणजे कोणीही स्टेजवर येऊन पाच मिनिटं हसवायचं ते, झालेत, बरोबर ना? मग मला सांग, सोडायला आत्ता तुझ्या हातात आहे काय? डॉक्टरकी अजून धड धरलेली पण नाहीस. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाहीये, निदान आत्ता तरी नाही.

डॉक्टर असून नट झालेल्या ज्यांची नावं तू लिहिलीस ना, त्यांच्यातल्या कोणीही एका सकाळी उठून राजीनामा दिला आणि मग नट व्हायला निघाले असं झालेलं नाही. डॉ. श्रीराम लागूंचं बघ. कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्याच्या बी.जे. मेडिकलला होते तेव्हापासून नाटक, मग भालबा केळकरांबरोबर पीडीए ही नाट्यसंस्था, एकीकडे ऑपरेशनं चालू एकीकडे तालमी चालू, मधे टांझानियात जाऊन प्रॅक्टिस करून आले, आणि पूर्णवेळ नट झाले ते 1969 ला, चाळिशी ओलांडल्यावर. तोपर्यंत स्टेजवर उभं राहायची सवय किती वर्षांची झाली असेल विचार कर. आणि गंमत माहितीये का, पूर्णवेळ नट झाले तेव्हाचं नाटक होतं 'इथे ओशाळला मृत्यू', वसंत कानेटकरांचं, आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट', तात्यासाहेब शिरवाडकरांचं. दोघेही आपल्या नाशकातले. काशिनाथ घाणेकर डेंटिस्ट, त्यांचा 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी पण कानेटकरांचा आणि 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या पण कानेटकरांचाच. म्हणजे डॉक्टर लोकांना दवाखान्यातून बाहेर काढण्यात आपल्या गावाचा हात चांगलाच लांब आहे, हे तुझ्या बाबांना एकदा सांग, ते म्हणतात ना नाशकात राहून काय होणार म्हणून.

मोहन आगाशेंनी तर सोडलंच नाही. 1972 ला 'घाशीराम कोतवाल' नाटकातला नाना फडणवीस उभा केला आणि सायकियाट्री शिकवत पण राहिले. हा पण एक रस्ता आहे, त्याला कमी समजू नकोस.

आणि तुझा तो लाडका केन जाँग, हँगओव्हरमधला. त्याने न्यू ऑर्लिन्सला मेडिसिनची रेसिडेन्सी करता करता स्टँडअप केलं, मग लॉस एंजेलिसला फिजिशियन म्हणून रीतसर नोकरी केली, दिवसा ओपीडी आणि रात्री क्लब, असं कित्येक वर्षं. 2007 ला 'नॉक्ड अप'मधे छोटा रोल मिळाला, तोही डॉक्टरचाच, त्यानंतर कुठे नोकरी सुटली. बायको पण डॉक्टर, हे विसरायचं नाही, घरात एक पगार चालू होता. लोक हँगओव्हर बघतात, पगार कोणी बघत नाही.

म्हणून पैशाचं आधी बोलू, कारण तू ते मेसेजमधे सफाईने टाळलंयस. सरकारी सीटवर शिकलीस, म्हणजे बॉन्डप्रमाणे एक वर्ष सरकारी सेवा नाहीतर दहा लाख दंड. ते वर्ष कर. पीएचसी, म्हणजे गावातलं सरकारी आरोग्य केंद्र, मिळाली तर उलट चांगलंच, संध्याकाळी लिहायला वेळ मिळतो आणि माणसं अशी भेटतात की कुठल्या रायटिंग वर्कशॉपमधे मिळणार नाहीत. एमएमसीचं, म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं, रजिस्ट्रेशन कधी लॅप्स होऊ देऊ नकोस, दर पाच वर्षांनी रिन्यूअल असतं आणि त्याला तीस क्रेडिट पॉइंट लागतात, सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या त्या लेक्चरांना, बसायचा कंटाळा येईल तरी बस. बाकी मालिकेत काम मिळालं तर पर डे, म्हणजे दिवसाचा दर, ठरतो पण पैसे हातात यायला नव्वद दिवस धरून चाल, व्यावसायिक नाटकात नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, मिळते पण प्रयोग लागले तर, आणि स्टँडअपला सुरुवातीला एक कॉफी मिळते, ती पण कधीकधी आपल्याच पैशाने. महिन्यातल्या आठदहा नाईट ड्युट्या केल्यास तर घरी हात पसरावा लागणार नाही आणि भाडं भरायचंय म्हणून फालतू रोल घ्यावा लागणार नाही. डिग्रीचा हा उपयोग कोणी सांगत नाही. नटाला नाही म्हणता येणं ही फार मोठी चैन आहे बाई.

आता कामाचं. तू पाठवलेलं ओपन माईकचं रेकॉर्डिंग ऐकलं. आजीचा जोक चांगला आहे, खरंच चांगला आहे, पण तू तो मारून टाकलास. तू काय म्हणालीस, "तर आमच्याकडे एक आजी आल्या होत्या बीपीच्या, म्हणजे बीपी म्हणजे हायपरटेन्शन, ते सायलेंट किलर असतं, तर त्या गोळ्या नियमित घेत नव्हत्या आणि विचारलं तर म्हणाल्या सून माहेराहून आली की मला बीपी वाढलेलं कळतं, असं म्हणाल्या त्या आणि आम्ही सगळे इतके हसलो ना." बघ, हायपरटेन्शनचं लेक्चर कशाला? बीपी म्हणजे काय हे नाशकात कोणाला सांगावं लागतं? आणि हसू आलं "सून माहेराहून" वर, त्याच्यावर तूच बोलत राहिलीस, मग लोक बिचारे गप्प बसले. असं करून बघ:

आजी, गोळ्या रोज घेता ना?
घेते की. बीपी वाढलं की घेते.
आणि वाढलं हे कळतं कसं?
सून माहेराहून आली की.

बस. इथे थांब. पुढे एक अक्षर नको. "असं म्हणाल्या त्या" ही शेपूट आपल्या बोलण्यात सवयीने येते, ती कापायची. थांबल्यावर जी शांतता वाटते ना ती तुला भयंकर मोठी वाटेल, समोरच्याला ती अर्धा सेकंद असते. तेवढा धीर हवा, आणि तो घरी आरशासमोर येत नाही, लोकांसमोर पडूनच येतो.

एक गोष्ट मात्र मी कडक शब्दात सांगणारे. आजीचं गाव बदल, आजार बदल, वॉर्डातली कुठलीही केस ओळखू येईल अशी स्टेजवर नेऊ नकोस, पेशंट विश्वासाने बोललेला असतो आणि ती गोपनीयता पाळणं तुझ्यावर बंधनकारक आहे. हॉस्पिटलमधे एप्रन घालून रील तर अजिबात नको. आणि तो सुरगाण्याच्या, आपल्या आदिवासी तालुक्यातल्या, पेशंटच्या बोलीचा जोक काढून टाक. हशा आला होता, मी ऐकला, तरी काढ. दोन एसट्या बदलून मजुरी बुडवून आलेल्या माणसावर कॉलेज रोडच्या कॅफेत हसणं सोपं आहे गं. त्यापेक्षा राऊंडला सगळ्यांसमोर इंटर्नला झापणारे सर, पाच मिनिटांत निघून जाणारे कन्सल्टंट आणि छत्तीस तास जागी असलेली तू, यांच्यावर लिही, तिथे माल भरपूर आहे आणि अजून कोणी नीट हात घातलेला नाही.

अ‍ॅक्टिंग पण करायचीये म्हणतेस तर नुसत्या ओपन माईकवर भागणार नाही. माईकवर तू एकटी असतेस, समोरच्या नटाचं ऐकायची सवयच लागत नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी इथल्या कुठल्यातरी हौशी ग्रुपमधे शीर, रोल नाही मिळाला तर प्रॉम्प्टिंग कर, सायखेडकर नाट्यगृहात विंगेत उभं राहून दुसऱ्याचा हशा कुठे येतो कुठे पडतो ते रोज बघ. मुंबईत आरामनगरला ऑडिशनची रांग लावायची घाई नको, हल्ली पहिली ऑडिशन बरेचदा मोबाइलवर शूट करूनच पाठवायची असते, ती नाशकातून पण जाते. बोलावलं तर पंचवटी एक्स्प्रेस आहेच.

घरच्यांचं. आईला एकदम "मला कॉमेडियन व्हायचंय" असं सांगितलंस आणि ती रडली, मग रडणारच. तिला डोळ्यासमोर काही दिसलंच नाही ना. नीट सांग की बॉन्डचं वर्ष करणार, त्यानंतर दोन वर्षं एमडीच्या प्रवेशाची NEET-PG परीक्षा देणार नाही, घरात महिन्याला अमुक रुपये देणार, आणि दोन वर्षांनी परत बसून बोलू. त्या दोन वर्षांत मैत्रिणी एमडी होत असतील, लग्नाच्या पत्रिका येतील, त्याचा त्रास होईल, मी होणार नाही असं म्हणत नाही. बाबांशी वाद घालू नकोस, एकदा शोला घेऊन ये, मागच्या रांगेत बसव.

पुढच्या वेळी रेकॉर्डिंग पाठवशील तेव्हा सोबत लिहून पाठव की कुठल्या मिनिटाला हशा यायला हवा होता आणि खरा कुठे आला. व्हॉइस नोट नको, लिहून. ओपीडी आटपून नऊनंतर वाचते.