बर्फावर आणि बोटीवर एकच लाइव्ह सोनार: आधी वायर बघा, मग ब्रँड

तुमची पोस्ट दोनदा वाचली. हिवाळ्यात मिनेसोटातल्या गोठलेल्या मिल लॅक्स तलावावर बर्फाला भोक पाडून वॉलाय मासे पकडायचे, उन्हाळ्यात १७ फुटी ॲल्युमिनियमची बोट, आणि दोन्हीकडे एकच लाइव्ह सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं हलतं चित्र त्याच क्षणी दाखवणारं यंत्र). गार्मिन, हमिंगबर्ड की लोरन्स, ९ इंची की १२ इंची, असं विचारलंय. त्याची उत्तरं खाली आहेत. पण शेवटी तुम्ही फ्लॅशरबद्दल (दिव्यांवर खोली आणि मासा दाखवणारं साधं यंत्र) सहज लिहून गेलात, "बॅटरी फ्लॅशरचीच वापरेन, ९ एएचची (अँपिअर-तास) आहे, क्लिपा लावल्या की झालं." तिथे मी थांबलो. हीच चूक मला बर्फाच्या एका अख्ख्या हंगामाएवढी महाग पडली आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

(मी इलेक्ट्रिशियन नाही, कुठल्या कंपनीशी किंवा दुकानाशी माझा संबंध नाही. आकडे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून घ्या.)

फ्लॅशर जेमतेम अर्धा अँपिअर खातो. लाइव्ह सोनारचं गणित वेगळं आहे. ९ इंची स्क्रीन पूर्ण उजेडावर आणि सोबत सोनारचं मॉड्यूल, असं मिळून साडेतीन ते चार अँपिअर धरून चाला. आता क्लिपांमध्ये, गंजलेल्या फ्यूजच्या घरात किंवा कच्च्या क्रिंपमध्ये (वायरची दाबून बसवलेली जोडणी) मिळून ०.३ ओहम रोध आहे असं समजा. ०.४ अँपिअरला तिथे ०.१२ व्होल्ट पडतात, ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ४ अँपिअरला तिथेच १.२ व्होल्ट पडतात. थंडीत गारठलेली सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी एवढ्या भारावर पटकन ११.३ वर येते. त्यातून १.२ गेले की यंत्रापर्यंत १०.१ पोचतात. बहुतेक मॉड्यूलचा खालचा उंबरठा १० च्या आसपास असतो. मग चित्र गोठतं, "सोनार सापडत नाही" असा संदेश येतो किंवा सगळं बंद पडून परत सुरू होतं. बंद झाल्यावर भार गेला की बॅटरी पुन्हा १२ वर चढते, त्यामुळे मीटर लावून पाहणाऱ्याला बॅटरी ठणठणीत वाटते. हा फसवा भाग नीट लक्षात ठेवा: व्होल्टेज मोजायचं ते यंत्र चालू असताना, उजेड पूर्ण ठेवून, आणि बॅटरीच्या टोकाला नाही तर यंत्राच्या प्लगपाशी.

शिवाय ९ एएच हा छापील आकडा २० तासांत हळूहळू रिकामी करण्याचा आहे, म्हणजे ०.४५ अँपिअरचा. ४ अँपिअर ओढलेत तर खोलीच्या तापमानातही तेवढे मिळत नाहीत. शून्य फॅरनहाइटला (उणे १८ सेल्सिअस) तर निम्मे मिळाले तरी खूप.

यंत्र असं बंद पडू लागलं की माणूस काय करतो? सर्व्हिस सेंटरला फोन. मीही तेच केलं आणि तिथेच हंगाम गेला. त्यांच्या टेबलावर १३.८ व्होल्टचा स्थिर पुरवठा असतो आणि वायर हातभर. तिथे यंत्र आठ दिवस चालवलं तरी बंद पडणार नाही. "दोष आढळला नाही" असा कागद, तपासणीचं शुल्क, पार्सलचा खर्च. परत आल्यावर बर्फावर तोच प्रकार, पुन्हा पार्सल, पुन्हा तोच कागद. दोन्ही वेळा फॉर्मवर सिरीयल नंबर, खरेदीची तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती हे सगळं विचारलं होतं. बॅटरी कोणती, वायर किती जाड, प्लगपाशी व्होल्टेज किती, हे तीन प्रश्न फोनवर, मेलवर, फॉर्मवर कुठेही नव्हते. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मिनेसोटात चालण्याजोगा बर्फ जेमतेम तीन महिने असतो. त्यातले आठवडे असे कुरियरच्या गाडीत गेले, याचा मला अजून राग आहे. जो विभाग रोज अशी यंत्रं तपासतो त्याला हा पहिला प्रश्न सुचू नये, हे पटत नाही.

म्हणून बॅटरी: १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट, किमान ३० एएच. ही बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास टिकून राहते, तोच तिचा खरा फायदा. वजन कमी हा वरचा. ३० ला ४ ने भागलं तर साडेसात तास येतात, थंडीत सहाच धरा. माझं मत विचाराल तर ६० ची एक घेण्यापेक्षा ३० च्या दोन घ्या आणि एका वेळी एकच जोडा. एक बर्फावर पिशवीत, दुसरी गाडीच्या केबिनमध्ये उबेत. उन्हाळ्यात दोन्ही बोटीत.

चार्जिंगबाबत मात्र हयगय नको. या बॅटऱ्या ३२ फॅरनहाइटच्या (शून्य सेल्सिअसच्या) खाली वापरता येतात, चार्ज करता येत नाहीत. गारठलेल्या पेशीत चार्ज ढकलला की लिथियम धातूच्या रूपात आत साचतं आणि क्षमता कायमची जाते. गॅरेजमध्ये ठेवून रात्री चार्जर लावायचा नाही. घरात आणा, चार-पाच तास तशीच राहू द्या (बाहेरचं कवच लवकर कोमट होतं, आतला गाभा होत नाही), मग लावा. थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी व्यवस्था आहे का, हे विकत घेण्याआधी वाचा. स्वस्त बॅटऱ्यांत ती अनेकदा नसते. चार्जर १४.४ ते १४.६ व्होल्टचा, याच प्रकारच्या बॅटरीसाठी असलेला. जुना लेड-ॲसिडचा, "डीसल्फेशन" वाला चार्जर लावू नका.

क्लिपा फेकून द्या. अँडरसन पॉवरपोल किंवा एक्सटी६० कनेक्टर, १२ गेजची (गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड) टिनचा मुलामा असलेली मरीन वायर, गोंदवाली हीट-श्रिंक क्रिंप, आणि पात्याच्या फ्यूजचं घर बॅटरीच्या धन टोकापासून ७ इंचांच्या आत. वायरसोबत येणारं काचेच्या फ्यूजचं स्प्रिंगवालं घर दमटपणात लवकर गंजतं. संशयित नंबर एक तेच. फ्यूज किती अँपिअरचा हे तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तेवढाच, मोठा नाही.

आता ब्रँड. खरं सांगायचं तर तिन्हींवर मासा दिसतो आणि तिन्हींवर आमिष खाली जाताना दिसतं. निवड चित्रावरून करण्यापेक्षा तुमच्याकडे आधी काय आहे त्यावरून करा. गार्मिनचा लाइव्हस्कोप प्लस म्हणजे एलव्हीएस३४ ट्रान्सड्यूसर (पाण्यात सोडायचा, ध्वनिलहरी पाठवणारा भाग) आणि जीएलएस १० ही काळी पेटी (वर म्हटलेलं मॉड्यूल). पेटी वेगळी, तिची वीज वेगळी, म्हणजे बर्फावरच्या पिशवीत एक नग जास्त. जुना एलव्हीएस३२ आणि जीएलएस १० कुणी स्वस्तात विकत असेल तर घ्यायला हरकत नाही, पुढे नुसता ट्रान्सड्यूसर बदलता येतो. हमिंगबर्डच्या मेगा लाइव्हला वेगळी पेटी नाही, इलेक्ट्रॉनिक्स ट्रान्सड्यूसरमध्येच आहेत, त्यामुळे पिशवी सुटसुटीत. लोरन्सच्या ॲक्टिव्हटार्गेटला पुन्हा पेटी.

सेकंडहँड स्क्रीन घेणाऱ्यांची फसगत ठरलेली: गार्मिन स्ट्रायकरला लाइव्हस्कोप जोडता येत नाही, लोरन्सच्या हुक रिव्हीलला ॲक्टिव्हटार्गेट जोडता येत नाही, आणि हमिंगबर्ड हेलिक्समध्ये नेटवर्कचं 'एन' नसलेलं मॉडेल चालत नाही. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, कंपनीच्या सुसंगततेच्या यादीत तुमचं नेमकं मॉडेल शोधा.

स्क्रीन ९ इंची घ्या. ७ इंची बर्फावर पुरते पण बोटीत उभं राहून वाचता येत नाही. १२ इंची बोटीत सुंदर, बर्फावर बॅटरी पिते आणि पिशवीत मावत नाही. एकच स्क्रीन दोन्हीकडे नेण्याचा मोठा फायदा म्हणजे जीपीएसच्या खुणा: जूनमध्ये सापडलेल्या खडकांच्या उंचवट्यावर जानेवारीत त्याच खुणेवर जाऊन भोक पाडता येतं.

ट्रान्सड्यूसर धरणारा खांब एकच, बैठका दोन: बर्फावर तिपाई, बोटीत काठावर पकडणारा क्लॅम्प. ट्रोलिंग मोटरच्या (बोट हळू हलवणारी विजेची मोटर) दांड्यावर ट्रान्सड्यूसर लावायचा मोह होतो, पण स्पॉट-लॉक (जीपीएसने बोट एका जागी धरून ठेवणं) चालू असताना मोटर स्वतःच फिरत राहते आणि तुमचं चित्रही तिच्याबरोबर भरकटतं. वॉलायसाठी एका जागी थांबणार असाल तर हाताने फिरणारा वेगळा खांबच बरा. मुठीवर रंगाने बाणाची खूण करा, ट्रान्सड्यूसर पाण्याखाली गेल्यावर तोंड कुठे आहे ते कळत नाही.

भोक ८ इंची चालतं, १० इंची असेल तर ट्रान्सड्यूसर काढता-घालताना त्रास कमी. ट्रान्सड्यूसर बर्फाच्या खालच्या कडेच्या पूर्ण खाली गेला पाहिजे. १८ इंच बर्फात तो १५ इंचांवर लटकत असेल तर समोर नुसती पांढरी भिंत दिसेल, आणि लोक सेटिंगशी खेळत बसतात. बाहेर काढलेल्या ट्रान्सड्यूसरवर मिनिटभरात बर्फ धरतो. तो ठोकून काढू नका, परत पाण्यात बुडवा, आपोआप सुटतो. केबल थंडीत कडक होते, घट्ट वेटोळी घालू नका. कनेक्टर ओले असताना उघडू नका.

एलव्हीएस३४ चा झोत पुढच्या दिशेने पाहताना जेमतेम २० अंश रुंद आहे. म्हणजे एक पूर्ण फेरी मारायला १८ पायऱ्या. घाईने गरकन फिरवलंत तर काही दिसत नाही. प्रत्येक पायरीवर दोन-तीन सेकंद थांबा. आणि ४० फुटांवर मासा दिसला तर तिथे झोताची रुंदी सुमारे १४ फूट असते, मासा त्यात कुठेही असू शकतो. थेट ४० फूट चालत जाऊन भोक पाडू नका. २० फुटांवर पाडा, तिथून पुन्हा बघा, मग शेवटचं. शेजारी दुसऱ्याचा तसाच सोनार चालू असेल तर तिरपे पट्टे येतात, तो बिघाड नाही.

एक विषयांतर, पण महत्त्वाचं. लाइव्ह सोनार आल्यापासून लोक खोल डोहातल्या क्रॉपी माशांच्या थव्यांवर तुटून पडतात. ३० फुटांहून खोल पाण्यातून वर ओढलेली क्रॉपी दाबातल्या फरकाने आतून फाटते; सोडून दिली तरी बहुतेकदा मरते. तिथे पकडायच्या तर खायला हव्यात तेवढ्याच पकडा आणि थांबा. "पकडून सोडतो" याला त्या खोलीवर अर्थ नाही. किती मासे ठेवायचे, कोणत्या आकाराचे, हे मिल लॅक्सवर वेगळं असतं आणि बदलतं, त्या वर्षीचे डीएनआरचे (राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे) नियम पाहूनच जा.

उन्हाळ्यातली वायर. तुमची ट्रोलिंग मोटर २४ व्होल्टची आहे असं लिहिलंय. त्या दोन बॅटऱ्यांच्या जोडीवर स्क्रीन लावायची नाही. गार्मिन एकोमॅपसारख्या स्क्रीनची वरची मर्यादा १८ व्होल्ट आहे, एका सेकंदात काम तमाम. दोघींपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढायचे, हाही उपाय नाही, त्या असमान रिकाम्या होतात आणि एक लवकर मरते. इंजिनाच्या बॅटरीवरही नको, कारण स्टार्टर फिरला की व्होल्टेज कोसळतं. बर्फावरची तीच लिथियम बॅटरी, स्वतंत्र.

मागून पुढे २० फूट वायर ओढलीत तर जाण्या-येण्याची ४० फूट होते. १६ गेजमध्ये ४ अँपिअरला सुमारे ०.६४ व्होल्ट पडतात, १० गेजमध्ये ०.१६. फरक थोड्या डॉलरचा आहे, १० गेजच घ्या. मोटरच्या जाड केबलला लागून नेऊ नका, चित्रात खरखर येते. ओलांडावीच लागली तर काटकोनात. याहून सोपं म्हणजे बॅटरी बोटीच्या नाकाजवळच्या कप्प्यात ठेवायची, मग वायर चार फुटांचीच लागते.

स्क्रीनच्या कोपऱ्यात व्होल्टेजचा आकडा कायम दिसेल असं सेटिंग करून ठेवा. लिथियमवर भाराखाली तो १२ च्या खाली दिसला आणि बॅटरी भरलेली असेल, तर वायरींगच्या जोडण्यांवर हात फिरवून पाहा. जी गरम लागेल ती दोषी. त्या कप्प्याचा आणि आताच्या फ्यूज पॅनलचा फोटो टाकलात तर वायर कुठून न्यायची ते नेमकं सांगता येईल.