‘जॅझ’ हा शब्द आला कुठून?

प्रश्न असा आला आहे: ‘जॅझ’ हा शब्द मूळचा आफ्रिकी की फ्रेंच? संगीताला चिकटण्याआधी त्याला काही अर्थ होता का? आणि मराठीत ‘जॅझ’ लिहायचं की ‘जाझ’?

हाती असलेल्या लेखी पुराव्यावरून बोलायचं तर आफ्रिकीही नाही आणि फ्रेंचही नाही. हा शब्द पहिल्यांदा छापील सापडतो तो थेट बेसबॉलच्या मैदानावर, तोही जॅझचं माहेर असलेल्या न्यू ऑर्लिन्सपासून दूर, कॅलिफोर्नियात. २ एप्रिल १९१२ च्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये बेन हेंडरसन हा पोर्टलंडचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, आपल्या नव्या चेंडूची फुशारकी मारतो. त्याचं म्हणणं असं की, मी याला ‘जॅझ बॉल’ म्हणतो, कारण तो हवेत डगमगतो आणि समोरच्याला त्याचं काहीच करता येत नाही. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, ‘सॅन फ्रान्सिस्को बुलेटिन’च्या क्रीडापानावर स्कूप ग्लीसन हा बातमीदार स्थानिक संघाच्या सराव शिबिराबद्दल लिहिताना हा शब्द सढळ हाताने वापरू लागला. तिथे अर्थ आहे जोम, तडफ, अंगातली रग. संगीताचा मागमूसही नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘बुलेटिन’ने या नव्या शब्दाचं कौतुक करणारा अख्खा लेख छापला.

त्याच्या मागे काय? ‘जॅझम’ असा एक बोलीतला शब्द अमेरिकेत १८६० पासून सापडतो; अर्थ तोच, धमक. त्याच्या कुळातल्या दुसऱ्या एका शब्दाचा अर्थ मात्र वीर्य, त्यामुळे ‘जॅझ’लाही चावटपणाचा वास चिकटला. यूबी ब्लेक हे पियानोवादक तर सांगायचे की, अर्थ माहीत असेल तर हा शब्द बायकांसमोर उच्चारूच नये.

मग लोकप्रिय व्युत्पत्त्यांचं काय? ‘जाझे’ म्हणजे चकाट्या पिटणे हे फ्रेंच क्रियापद, जाईचं अत्तर, जॅस्बो नावाचा कुणी वादक, पश्चिम आफ्रिकेतले निरनिराळे शब्द. सगळ्या गोष्टी ऐकायला झकास. पण शब्द लुइझियानाच्या, म्हणजे न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे तिथल्या, फ्रेंचमधून किंवा तिथल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून निघाला असेल, तर त्याचा सर्वांत जुना माग न्यू ऑर्लिन्समध्ये लागायला हवा. तिथल्या वर्तमानपत्रात तो दिसतो थेट नोव्हेंबर १९१६ मध्ये. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. आपल्याकडेही या रोगाची लागण कमी नाही.

खरा घोळ इथे आहे: संगीताचं मूळ आणि शब्दाचं मूळ एकच धरलं जातं. संगीताची मुळं आफ्रिकी आहेत यात वाद नाही. न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरमध्ये रविवारी जमणाऱ्या गुलामांचे ढोल आणि नाच, ब्लूज ही कृष्णवर्णीयांची गाणी, मिरवणुकीतले पितळी बँड, रीतसर पाश्चात्त्य शिक्षण घेतलेले क्रिओल, म्हणजे मिश्र फ्रेंच-आफ्रिकी वंशाचे, वादक, या सगळ्यातून ते घडलं. बडी बोल्डन या वादकाचा कॉर्नेट (ट्रम्पेटचा धाकटा भाऊ) तिथे १८९५ च्या सुमारास गाजायला लागला. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवलं, तोवर हा शब्द छापून आल्याचं कुठे आढळलेलं नाही. ते लोक स्वतः त्याला ‘रॅगटाइम’ म्हणायचे. म्हणजे बाळ दक्षिणेत जन्मलं आणि बारसं परगावी झालं. न्यू ऑर्लिन्सचे वादक उत्तरेला शिकागोत गेले, तिथे १९१५ मध्ये कॅलिफोर्नियाचा हा शब्द त्यांच्या वाजवण्याला चिकटला आणि मग उलटा त्यांच्या गावी पोहोचला.

२६ फेब्रुवारी १९१७ ला न्यूयॉर्कमध्ये पाच गोऱ्या वादकांच्या ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’ने व्हिक्टर कंपनीसाठी दोन रचना ध्वनिमुद्रित केल्या. जॅझची पहिली तबकडी म्हणतात ती हीच. एका बाजूला क्लॅरिनेट कोंबड्यासारखी आरवते, कॉर्नेट घोड्यासारखा खिंकाळतो, ट्रॉम्बोन गाईसारखा हंबरतो. लेबलवर ‘जॅस’ आहे, शेवटी ‘झ’ नाही. पोरं पोस्टरवरचं पहिलं अक्षर खरवडायची आणि मग इंग्रजीत ढुंगण उरायचं, म्हणून ‘झ’ आला, असा किस्सा त्या बँडच्या म्होरक्यानेच सांगितला आहे. किस्सा म्हणून घ्यावा.

ज्यांचं हे संगीत, त्यातल्या अनेकांना हे नाव कधीच रुचलं नाही. न्यू ऑर्लिन्सचा क्लॅरिनेटवादक सिडनी बेशे म्हणायचा, हे गोऱ्यांनी दिलेलं नाव. पियानोवादक-संगीतकार ड्यूक एलिंग्टन आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांनाही ते खटकायचं. मला त्यांची तक्रार रास्त वाटते. विशेषतः १९२० च्या दशकात कुठल्याही हॉटेलातल्या नाचाच्या वाद्यवृंदाला सरसकट ‘जॅझ’ म्हणू लागले, ते पाहता. पुढे स्विंग ही शैली आली, १९४० च्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी या वादकांची बीबॉप शैली आली. प्रत्येक वळणावर ‘हे जॅझ नव्हेच’ म्हणणारे होतेच.

मुंबईत शब्द आला तो या हॉटेलवाल्या अर्थासकट. १९३० च्या दशकात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड या अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांचे बँड ताजमध्ये वाजू लागले. गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेल्या वादकांनी ते उचललं. त्यातलाच चिक चॉकोलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांच्या सोबतीला आला आणि १९५१ च्या ‘अलबेला’त त्याचा ट्रम्पेट मराठी घराघरांत पोहोचला. ऐकणाऱ्यांतल्या कितींनी त्याला जॅझ म्हटलं असेल, सांगा!

राहिलं लेखन. माझं मत ‘जॅझ’च्या बाजूने. ‘जाझ’ लिहिलं की मराठी वाचक त्यातला ज ‘जाड’मधल्यासारखा वाचण्याची शक्यता असते. ‘जॅ’ दिसलं की जीभ आपसूक ‘जॅकेट’कडे वळते. शेवटचा झ मात्र ‘झाड’मधला, ‘झेंडा’मधलाही चालेल, ‘झीज’मधला नको.