मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक संशोधनात मागे का पडतात?

आळशीपणा हे कारण यादीत बरंच खाली येतं. पहिली अडचण वेळेची. सरकारी कॉलेजात सकाळी ओपीडी, मग वॉर्डचा राऊंड, दुपारी लेक्चर, मध्येच कोर्टाची साक्ष नाहीतर एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, तपासणीची कागदपत्रं. संशोधन उरलंसुरलं रात्री घरी.

त्याहून चिवट भानगड नोंदींची. मधुमेहाच्या रुग्णाची मागच्या वर्षीची साखर हवी असेल तर रेकॉर्ड रूममधले गठ्ठे उपसायचे, आणि केसपेपर सापडलाच तर त्यावर नुसतं 'सीएसटी', म्हणजे तेच औषध चालू ठेवा! यातून कसला डेटा काढणार? संख्याशास्त्राला मदत हवी तर पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात जाणकार एखाददुसराच, त्याच्या दाराशी थीसिस लिहिणाऱ्या रेसिडेंट (पदव्युत्तर शिकणाऱ्या) डॉक्टरांची रांग.

डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्था तपासल्या. २००५ ते २०१४ या काळात त्यातल्या ३३२ संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता.

बढतीसाठी पेपरची अट आहेच, पण तिने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचंच जास्त भलं केलं, असं माझं स्पष्ट मत. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स मात्र खरंच कामाचा आहे.

तुम्ही नवे असाल तर अनुदानाच्या मागे लगेच धावू नका. आपल्याच ओपीडीत एका आजाराचा साधा छापील फॉर्म भरायला घ्या. एथिक्स कमिटीची मंजुरी तेवढी आधी घ्या, नंतर मिळत नाही.