दोन आकडे, दोन हिशेब

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बाबांचा रिपोर्ट पाहिला. एकूण कोलेस्टेरॉल 238, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 46, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 180, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 156, बीपी 152/94. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, नसा मोकळ्या झाल्या की बीपी आपोआप उतरेल, मग बीपीची गोळी बंद करू का, असं विचारतेस. नाही. दोन आकडे, दोन हिशेब.

संबंध आहे, पण तुला वाटतो तसा नाही. दाब सतत जास्त राहिला की धमनीचं आतलं अस्तर दुखावतं. तिथून एलडीएलचे कण भिंतीत शिरतात, अडकतात, थर साचायला लागतो. भिंत ताठर झाली की बीपीचा वरचा आकडा आणखी चढतो. नुकसान दोघं मिळून करतात. औषध मात्र एकाचं दुसऱ्याला पुरत नाही. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीने, बीपी उतरलंच तर दोन-तीन अंकांनी. बाबांना 152 वरून खाली यायचंय!

आता 152 तरी खरं का? जिना चढून आल्या आल्या, चहा पिऊन, गप्पा मारत घेतलेला आकडा मी मोजमाप मानत नाही. कोणी हट्टी म्हणो, या हट्टावाचून गोळीचा डोस चुकतो. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवी करून यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून 5 मिनिटं गप्प बसायचं. हात हृदयाच्या पातळीवर, मशीनचा पट्टा उघड्या दंडावर. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, 7 दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढ. घरी ती 135/85 किंवा त्याहून जास्त आली तर बीपी जास्तच समज.

एलडीएलचाही आकडा तपास. बहुतेक लॅब तो मोजत नाहीत, काढतात: 238 वजा 46, वजा 180 चा पाचवा भाग. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हे गणित कोसळतं. आणि एचडीएल बरं आहे म्हणून एलडीएल माफ होत नाही, हे बाबांना सांग.

खाण्यातही दोन हिशेब, हे आपल्या इंदूरात कोणाला पटत नाही. सकाळच्या पोह्यांवरची शेव आणि जीरावन मसाला मिठाच्या खात्यात, म्हणजे बीपीकडे. जिलबी ट्रायग्लिसराइडकडे. पाम तेलात तळलेलं नमकीन एलडीएलकडे आणि मिठाकडेही. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम असतं, ते कोणी धरत नाही. माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला 600 ग्रॅम, आणि लोणचं, पापड, बाहेरचं फरसाण सगळं त्यातच. किलोची पिशवी महिनाभरात संपत असेल तर मला दुसरं काही विचारू नकोस.

बीपी 128 आलं म्हणून गोळी सोडू देऊ नकोस. ते 128 गोळीचंच आहे. स्टॅटिन सुरू झाल्यावर 4 ते 12 आठवड्यांनी लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉलची ही तपासणी, पुन्हा करा. पाय-मांड्या दुखल्या तर मनाने बंद नाही, डॉक्टरांना सांगायचं.

एक राहिलं. थायरॉइड मंद असेल किंवा मूत्रपिंड थकलं असेल तर दोन्ही आकडे एकदम चढतात. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) रिपोर्टात दिसले नाहीत. साखरही नाही. या आठवड्यात करून घे आणि बीपीच्या नोंदींसोबत डॉक्टरांपुढे ठेव.