पणजोबांच्या वेब्लीला मूठ मिळेना

प्रश्न : नमस्कार. मी ठाण्याला पाचपाखाडीत राहतो. आमच्याकडे पणजोबांपासून आलेलं वेब्लीचं जुनं रिव्हॉल्वर आहे, आधी आजोबांच्या नावावर, मग बाबांच्या, आता लायसन माझ्या नावावर झालंय. मुठीची उजवी काळी पट्टी कधीच हरवली आणि डावीला तडा गेलाय, खालचा टवका पण उडालाय. चोरबाजारात तीन शुक्रवार घालवले. शेवटी एका ओळखीच्यांकडून ‘ओरिजिनल वेब्ली ग्रिप’ म्हणून जोडी घेतली तर ती बसतच नाही, खाली गोल आहे आणि आमची मूठ खाली चौकोनी. मामा म्हणतात सोड नाद, शिसवीच्या करून घे. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी, ती तडा गेलेली डावी पट्टी कुठेही टाकू नका! दिवाळीच्या साफसफाईत अशा वस्तू जातात आणि मग माणसं मला पत्र लिहितात. तुमच्याकडे जे काही ओरिजिनल आहे ते हेच आहे, पुढचं सगळं काम हिच्यावरच चालणार.

आता गोल आणि चौकोनी. वेब्ली म्हणजे एकच रिव्हॉल्वर नव्हे हो. ब्रिटिश सैन्यासाठी केलेल्या .455 बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचात) वेब्लीचे मार्क वन ते मार्क सिक्स असे सहा अवतार झाले, त्यात पहिल्या पाचांची मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी खाली गोल वळलेली, आणि 1915 साली जो मार्क सिक्स आला त्याची मूठ मोठी, खाली चौकोनी. म्हणजे विकणाऱ्याने कदाचित फसवलं नसेलही, पट्ट्या खऱ्याच असतील पण थोरल्या भावंडांच्या. तुमचं बहुतेक मार्क सिक्स असणार, पण अंदाजावर जाऊ नका, गोळ्यांच्या फिरत्या सिलिंडरवरून जी पोलादी पट्टी जाते (मुठीची नव्हे) तिच्यावर मार्क कोरलेला असतो तो भिंग लावून वाचा. आणि बोअर .38 निघाला तर प्रकरणच वेगळं, कारण मग ते वेब्लीचं .38 मधलं वेगळं मार्क फोर असेल नाहीतर एनफिल्ड या ब्रिटिश सरकारी कारखान्याचं नंबर टू, दोघं दिसायला जुळे भाऊ पण एकाचे पार्ट दुसऱ्याला लागत नाहीत. त्यामुळे शोधताना ‘जुन्या वेब्लीची ग्रिप’ असं विचारू नका, ‘मार्क सिक्स, उजवी बाजू’ असं विचारा.

उजवी म्हणजे डावीचा आरसा, असं पण समजू नका बरं का. आरपार एकच स्क्रू जातो, एका बाजूला त्याचं डोकं बसतं आणि दुसऱ्या बाजूला आटे असलेली पितळी वाटी, म्हणून भोकं सारखी नसतात. तेव्हा आधी रिव्हॉल्वर रिकामं आहे ना ते दोनदा बघा, मग पट्टी काढून उघड्या फ्रेमच्या दोन्ही बाजू ट्रेसिंग पेपरवर काढून घ्या, भोकाची जागा मिलिमीटरमध्ये लिहा. कोणाला फोटो पाठवायचाच तर ट्रेसिंगचा पाठवा, हत्याराचा आणि त्याच्या नंबरचा गावभर फिरवू नका.

खरी-खोटी ओळखायची कशी? मार्क सिक्सच्या मूळ पट्ट्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. अंगठ्याने जोरजोरात घासून गरम करा, गंधकाचा वास येतो. हल्लीच्या रेझिनच्या नकलेला तो येत नाही. आणि खरी पट्टी उन्हाने तपकिरी पडलेली असते, तेव्हा शंभर वर्षं जुनी म्हणून कोणी काळीकुळकुळीत चकचकीत जोडी दाखवली तर जरा थांबा. एक माझा गाढवपणा सांगतो, वाशीला असताना अशीच एक मळकी पट्टी मी गरम पाण्यात साबण घालून भिजवली, बाहेर काढली तर शेवाळलेल्या टाकीसारखा रंग! गेला तो गेलाच. ओल्या फडक्याने पुसा, बस्स.

डावीचा तडा मात्र घरी जुळतो. पट्टी हत्यारावरून काढून, आतल्या बाजूने पातळ कापडाचा तुकडा लावून एराल्डाइट, त्यात चिमूटभर काजळी म्हणजे भेग दिसत नाही. उडालेला टवका तसाच राहू दे, माझ्या मते तो पणजोबांचा आहे.

मामांची शिसवी वाईट नाही, उजवी मिळेपर्यंत चालेल. पण सुताराच्या हातात फक्त ट्रेसिंग आणि डावी पट्टी द्यायची, रिव्हॉल्वर नाही. हत्याराची दुरुस्ती हे लायसनवाल्या डीलरचंच काम, 1959 चा आर्म्स ॲक्ट तसंच सांगतो. त्याच कायद्यात ‘आर्म्स’मध्ये सुटे भागही धरलेत, म्हणून परदेशातून पट्टी मागवायच्या आधी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा, नाहीतर पार्सल कस्टममध्ये आणि तुम्ही हेलपाट्यात. आणि ‘अँटिक आहे, लायसन कशाला’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला. तुमचं चालतं.

प्रश्न : स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्वरला हस्तिदंती पट्ट्या मिळतायत, घेऊ का? (नेरूळहून एक वाचक)

उत्तर : नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, विकणारा कितीही ‘जुनाच आहे’ म्हणू दे. दुसऱ्या महायुद्धातलं व्हिक्टरी मॉडेल असेल तर त्याला साध्या गुळगुळीत अक्रोडाच्या पट्ट्याच होत्या. आणि अक्रोडाची जोडी मिळाली की उजवी उलटी करून आत बघा, तिथे हत्याराचा नंबर मारलेला असतो, तो तुमच्या नंबरशी जुळला तर मला पेढे पाठवा.