एचडी (ड्रमचं पॉलिथिन, एचडीपीई) आणि पीपी (पोत्यांचं पॉलिप्रॉपिलीन) या प्लास्टिकांच्या मिश्रणात कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी भुकटी, दोन्हीत सारखा का पसरत नाही? सारखा पसरवायचा कसा?

सारखा पसरवायचाय कशाला ते आधी सांगा. ह्या 'सारखा' शब्दापायी माझी बेळगावच्या उद्यमबागेतली, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतली, पहिली नोकरी गेली, म्हणून प्रश्न बघितल्या बघितल्या लिहायला बसलोय, जेवण गार झालं तरी चालेल.

छोटा कारखाना, एक एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून मिसळायची मशीन), एक ग्राइंडर, चार माणसं. जुन्या ड्रमचं एचडी आणि पोत्यांचं पीपी, त्यात कार्बन घालून इलेक्ट्रॉनिक पार्ट ठेवायचे अँटिस्टॅटिक ट्रे करायचो. ट्रेतून थोडा तरी करंट गेला पाहिजे, नाहीतर माल परत. आणि व्हायचं काय, सोमवारचा लॉट पास, बुधवारचा फेल, कार्बन तेवढाच, मशीन तीच, तापमान तेच. मालक म्हणायचे, "नीट मिसळलं नाही, अजून कार्बन टाक आणि जोरात फिरव की, सगळं सारखं होतंय." (हिशोब मराठीत, शिव्या कन्नडात, आणि मला दोन्ही कळायचं.) अजून टाकला की ट्रे हातातून पडला तरी कोपरा फुटायचा, ते वेगळंच.

मी नुकताच डिप्लोमा झालेला, अंगात मस्ती. एका रात्रपाळीत गुपचूप तीन बॅच काढल्या, कार्बन तिन्हीत तेवढाच, फक्त एचडी वजन करून घातलं, शंभरात ३०, ४० आणि ५०. प्रत्येकाची एकेक पट्टी काढून मेगर, म्हणजे करंटला किती विरोध होतो ते मोजायचं यंत्र, लावला, तर तीसच्या पट्टीवर काटा इन्फिनिटीवरून हलेना, पन्नासच्या पट्टीवर धाडकन खाली. म्हणजे कार्बनचा दोष नव्हताच, भंगारवाल्याच्या टेम्पोत ज्या दिवशी ड्रम कमी आणि पोती जास्त, त्या दिवशी आमचा माल फेल!

कारण असं की ही दोन प्लास्टिकं एकमेकांत विरघळतच नाहीत, आणि कार्बनचे कण, काही दशक नॅनोमीटर आकाराचे, ज्याच्याशी पृष्ठताणाचा (दोन पदार्थ भिडतात तिथल्या ताणाचा) खर्च कमी त्याच्याकडं जातात. हिशोब सोपा आहे, कण-पीपी ताणातून कण-एचडी ताण वजा करा आणि पीपी-एचडी ताणानं भागा. एकच्या वर आलं तर कण एचडीत, उणे एकच्या खाली तर पीपीत, मधे आलं तर दोघांच्या सीमेवर. जपानातल्या सुमिता आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हेच दाखवलंय, एचडी-पीपीत कार्बन एचडीतच जाऊन बसतो. मग करंट जायला दोन गोष्टी लागतात, एचडीच्या आत कार्बनची साखळी पाहिजे आणि ते एचडीसुद्धा ट्रेभर सलग पाहिजे. एचडी कमी पडलं की त्याचे थेंब होतात, सगळा कार्बन त्या थेंबांत कोंडलेला, मग बसा फिरवत.

सकाळी पट्ट्या दाखवल्या तर मालक म्हणाले, "वजनकाटा घेऊन मला प्लास्टिक शिकवायलास होय?" पुढचं सांगत नाही, महिनाअखेरीला मी घरी होतो.

आणि 'जोरात फिरव'चं म्हणाल तर कधीकधी ते उलटं पडतं. कार्बन आधी पीपीत घोळून मग एचडी घातलं तर कण घर बदलायला निघतात, वाटेत सीमेवर असतानाच मिक्सिंग थांबवलं तर कमी कार्बनमध्ये काम होतं. जास्त वेळ फिरवलं की ते सीमा ओलांडून आत, आणि फायदा गेला. सगळं एकदम हॉपरमध्ये ओतलं तर एचडी १३० अंशांच्या आसपास आधी वितळतं, पीपीला १६० च्या पुढं जावं लागतं, म्हणजे तिथंही कार्बन आधी एचडीच्याच तावडीत. तेव्हा एचडीत मास्टरबॅच करा, म्हणजे सगळा कार्बन आधी थोड्या एचडीत दाट मिसळून घ्या, एचडी निम्म्याच्या आसपास ठेवा आणि ड्रम-पोती वेगळी तोला. सारखं करायच्या नादाला लागू नका.

हां, हे दोन्हींचा वितळल्यावरचा घट्टपणा साधारण बरोबरीचा असेल तर. एक फारच घट्ट असेल तर कण आत शिरायलाच वेळ लागतो, ताणाचा हिशोब कागदावर राहतो. कार्बनऐवजी सिलिकाची भुकटी असेल तर तिच्यावर कसली ट्रीटमेंट आहे त्यावर जागा बदलते. कार्बनच्या नॅनोट्यूब (अतिसूक्ष्म नळ्या) लांब-बारीक, त्या सीमेवर सहसा थांबत नाहीत, सरळ पार होतात. आणि पन्नास-पन्नासमध्ये दोन्ही प्लास्टिकं सलग गुंतून जी जाळी होते ती प्रेसमध्ये फार वेळ तापवली तर जाड होत जाते, तेही बघा.

त्या कारखान्यात आता ड्रम आणि पोती वेगळी तोलतात असं कानावर आलंय. मालक, वाचत असाल तर तीसची ती पट्टी अजून माझ्या कपाटात आहे, मेगर तेवढा घेऊन या.